तळपायाची खाज थेट फुफ्फुसात!

पाण्याच्या बाबतीत मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर जुनं चॅम्पियन. 1615 च्या सुमाराची कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीव्यवस्था इथलीच आणि 2022 मध्ये देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हाही हाच! पण हुकवर्म, म्हणजे आपला अंकुशकृमी, नळाची वाट बघतच नाही. तो शिरतो अनवाणी पायातून!

माहीत आहे का, त्याला हवं तरी काय? सावली, ऊब, ओल. इथल्या केळीच्या बागेत तिन्ही फुकट! तिथं बाधित माणूस उघड्यावर शौचाला बसला, की काही दिवसांतच मातीत अर्ध्या मिलिमीटरच्या अळ्या तयार.

बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ, कडकडून खाज? हा शरीराचा अलार्म! पण अळी भारी चलाख. शिरताना वरची कात टाकते. पोलिसाच्या हाती जॅकेट सोडून पळणाऱ्या चोरासारखी.

पांढऱ्या पेशीही कमी नाहीत. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी स्वतःच्याच डीएनएचं जाळं फेकतात! मग अळी? डीएनए कापणारं एन्झाइम सोडते आणि जाळं साफ. उंदरांवरच्या प्रयोगांतून 2020 मध्ये हे उघड झालं.

कातडीतून शिरायचा हा चोरदरवाजा सापडला कसा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत संशोधक आर्थर लूस यांच्या हातावर चुकून अळ्यांचं पाणी सांडलं. हात लाल, खाज सुरू. काही आठवड्यांनी स्वतःच्याच शौचात अंडी! पुढे त्यांनी ऑपरेशनमध्ये कापला जाणार असलेल्या एका पायावर आधीच अळ्या सोडल्या. नंतर मायक्रोस्कोपखाली बघतात तर काय, अळ्या कातडीच्या आत! पुरावा असावा तर असा.

तळपायाची आग मस्तकात जाते, ही स्वारी मात्र रक्तातून फुफ्फुसात! तिथून घशात, गिळली की आतड्यात. एका जातीचा एकेक जंत तर दात रोवून दिवसाला सुमारे 0.2 मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. शेकडो असले, की ॲनिमिया ठरलेलाच.

रक्ताच्या सीबीसी रिपोर्टमध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्यात? दमा, ॲलर्जी असू शकते, पण जंतही! आणि गंमत बघा, एका संशोधकानं स्वतःला हुकवर्म लावून घेतले आणि त्याचा 'हे फीव्हर', म्हणजे परागकणांची ॲलर्जी, पळाला, असं 1976 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. घरी मात्र अजिबात ट्राय करू नका!

एवढी फौज लढूनही पक्की इम्युनिटी काही मिळत नाही. गोळीनं जंत पडले, तरी अनवाणी पायाला अळी पुन्हा भेटू शकते. म्हणूनच शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी एकदाच देऊन थांबत नाहीत. राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनाला ती पुन्हा येते. चावून खायची हं!