शिष्यवृत्ती खात्यावर आली, पण सगळी आपली नव्हे!

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींना दहावीनंतर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात.

घोळ इथंच होतो. खात्यावर रक्कम दिसली की घरच्यांना वाटतं, चला, बी-बियाण्याची सोय झाली. पण त्यातला निर्वाह भत्ता तेवढा विद्यार्थ्याचा. शिक्षण शुल्क कॉलेजचं. ते सात दिवसांत भरून पावती घ्यावी, नाहीतर थकबाकी पोराच्याच नावावर चढते.

हक्कही आहेत. शिष्यवृत्तीत बसणारी फी पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी आगाऊ मागता येत नाही. अर्ज कुठं अडकला ते महाडीबीटीवर दिसतं, त्रुटी निघाली तर दुरुस्त करून परत पाठवता येतो. कॉलेजकडेच पडून असेल तर आधी प्राचार्यांना लेखी द्या, पोच घ्या. तरीही हललं नाही तर जिल्ह्याचं समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालय गाठा.

जबाबदारी तीन गोष्टींची: ७५ टक्के हजेरी, उत्पन्नाचा खरा दाखला आणि दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण. एक वर्ष चुकलं तर त्या वर्षाची फी घरातून भरावी लागते.