प्रोजेक्टर निवडावा कसा?

चित्रपटगृहात चित्र अंधारले की साऱ्या माना मागच्या भिंतीतल्या झरोक्याकडे वळतात आणि शिव्या ऑपरेटरला बसतात. एरवी त्या केबिनची आठवण कोणालाही होत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. यंत्रे शिकलो ती चालविणाऱ्यांच्या शेजारी बसून. असाच एक ऑपरेटर हातात नोटीस घेऊन आमच्याकडे आला. तालुक्याच्या गावच्या चित्रपटगृहात नवा डिजिटल प्रोजेक्टर आला होता. नवा दिवा घातला की काही आठवडे चित्र लखलखीत, मग काळवंडे. दोष ऑपरेटरच्या आळसाचा ठरला होता. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. तोच हिशेब येथे मांडतो.

बंधुभगिनींनो, हिशेब यंत्रापासून नव्हे, पडद्यापासून सुरू करावा. प्रकाशाचे माप लुमेन. डिजिटल चित्रपटाच्या मान्य प्रमाणानुसार पडद्याच्या मध्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड लागतो. म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटास 14 लुमेन. पडदा 40 फूट रुंद आणि 17 फूट उंच असेल, तर क्षेत्रफळ 680 चौरस फूट आणि प्रकाश 9,520 लुमेन. पण रुंद सिनेमास्कोप चित्र दाखविताना यंत्रातील चित्रफलकाचा सुमारे एक-पंचमांश भाग रिकामा राहतो आणि तेवढा प्रकाश वाया जातो. म्हणून यंत्र निदान 12,000 लुमेनचे हवे. शिवाय दिवा जुना होतो तसा मंदावतो. तो सात-दशांशावर आला तरी चित्र उजळ राहावे, असे वाटत असेल तर 17,000 लुमेन धरावे लागतात. त्या गावी घेतलेले यंत्र 12,000 चे होते. यात ऑपरेटरचा आळस कोठे आला?

दुसरा प्रश्न, उजेड कशाचा? पूर्वी कार्बनच्या दोन कांड्यांत ज्योत पेटवीत. ऑपरेटर दिवसभर ती सांभाळी आणि तिचा धूर छातीत घेई. 1950 नंतरच्या काळात झेनॉनचे दिवे आले. धूर गेला, धोका राहिला. हा दिवा थंड असतानाही आतला वायू दाबाखाली असतो. तो फुटला तर काचा अंगावर येतात. म्हणून तो बदलताना तोंडावर ढाल आणि हातांत जाड मोजे असलेच पाहिजेत. मोठ्या झेनॉन दिव्याचे आयुष्य हजार तासांच्या आसपास. रोज चार खेळ, अकरा तास धरले, तर वर्षाचे चार हजार तास होतात. म्हणजे वर्षाला चार दिवे! लेझरचे यंत्र घेताना महाग पडते, पण त्याचा प्रकाश वीस हजार तास, म्हणजे पाच वर्षे पुरतो असे सांगतात. मात्र हा आकडा बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. विक्रेत्याला हे विचारून, उत्तर लेखी घ्यावे. किंमत पाहावी ती पाच वर्षांची. खरेदीच्या दिवसाची नव्हे.

तिसरी गोष्ट चित्रपट मिळण्याची. अमेरिकेतील सात मोठ्या चित्रसंस्थांनी 2002 साली एक मंडळ स्थापले आणि 2005 साली डिजिटल प्रदर्शनाचे नियम ठरविले. आता चित्रपट कुलूपबंद संचिकेत येतो आणि ठरलेल्या यंत्रासाठी, ठरलेल्या मुदतीपुरती किल्ली मिळते. त्या नियमांत न बसणारे यंत्र स्वस्त पडते. पण त्या संस्थांचे चित्रपट त्यावर लावता येतीलच असे नाही. गावाला कोणते चित्रपट दाखवायचे, हे आधी ठरवावे.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते: केबिनमधल्या माणसाला विचारावे. उष्ण हवा बाहेर काढणारी नळी आहे का, दिवा बदलायला हात पुरतो का, वीज गेली तर पंखा चालू राहून दिवा निवतो का, हे तोच जाणतो. यंत्र निवडताना त्याला विचारायचे नाही आणि यंत्र फसले की त्याला नोटीस द्यायची, हा न्याय नव्हे.

आमचा हिशेब पाहून ती नोटीस मागे घेतली गेली. यंत्र बदलणे परवडणारे नव्हते. म्हणून चित्राची रुंदी 40 फुटांवरून 34 वर आणली. क्षेत्रफळ सुमारे सात-दशांशावर आले आणि मंदावलेला दिवाही पुरू लागला. चित्र लहान झाले, पण स्वच्छ दिसू लागले. ही तोड सुचविली होती त्याच ऑपरेटरने.