चपटं डोकं सावरतं कसं?

पाठीवर झोपवल्याने तान्ह्या बाळाच्या अकस्मात मृत्यूचा धोका घटतो. पण मान सतत एकाच बाजूला वळवणाऱ्या बाळाचं डोकं तिथे चपटं होतं. त्या बाजूचा कानही किंचित पुढे सरकतो.

न्यूझीलंडमध्ये २०० बाळांच्या पाहणीत चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के डोकी चपटी आढळली, दोन वर्षांच्या वयात जेमतेम ३.३ टक्के. मूल बसू-रांगू लागलं की दाब हटतो आणि वाढता मेंदू कवटीला गोलाई देतो.

मग डोक्याला आकार देणारं हेल्मेट कशाला? नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर चाचणी झाली. २०१४ साली निष्कर्ष आले: दोन वर्षांची होईतो हेल्मेट घातलेली २६ टक्के, न घातलेली २३ टक्के मुलं पूर्ण सावरली. बाकीच्यांत थोडाफार तिरपेपणा उरला.

मान आखडलेली वाटली, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावं.