गावची बाजारपेठ आणि दुकानदाराची वही

कोणत्याही लहान गावच्या बाजारपेठेत शिरले असता 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी एखाद्या तरी दुकानाच्या भिंतीवर टांगलेली आढळते. आणि त्या पाटीखाली बसलेला दुकानदार त्याच क्षणी वहीत कोणाच्या तरी नावे बाकी टिपून घेत असतो. ही विसंगती पाहून आपणांस हसू येते. परंतु लहान दुकानाचे अवघे अर्थकारण तिच्यातच साठवलेले आहे. 'गावच्या दुकानांस आधार द्या' असे आवाहन आपल्या सभासंमेलनांतून वारंवार होते. तो आधार का द्यावयाचा आणि नेमका कोठे द्यावयाचा, याचा उलगडा मात्र क्वचितच केला जातो. चलथाणच्या बाजारपेठेकडे पाहून तो करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चलथाण हे सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्याचे गाव. उधना–जळगाव लोहमार्गावरील हे स्थानक एका बाजूने सुरतेस व दुसऱ्या बाजूने बारडोली, नंदुरबारमार्गे खानदेशास जोडलेले आहे. याच मार्गाने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे सुरतेच्या परिसरात आली व स्थिरावली. गावचा सहकारी साखर कारखाना सर्वांस परिचित आहे. शेजारी कडोदऱ्याचा चौक, मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि भोवती कापडाच्या गिरण्या. अशा गावाची बाजारपेठ मंदावण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु येथे पैसा कोणाच्या हाती केव्हा येतो, हे पाहिले पाहिजे.

उसाचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्यात थांबते. शेतकऱ्यास उसाची किंमत एकरकमी न मिळता हप्त्याहप्त्यांनी मिळते. ऊसतोडीसाठी डांग, धुळे, नंदुरबार या भागांतून जी कुटुंबे येतात, ती मुकादमाकडून अगोदरच उचल घेऊन आलेली असतात. हंगामात पंधरवड्यास खावटी मिळते आणि उरलेला हिशेब अखेरीस होतो. गुजरात शासनाने 2023 सालापासून तोडणीचा किमान दर टनामागे 238 रुपयांवरून 476 रुपये केला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पैसा हंगामाच्या शेवटी हाती येणे हा क्रम त्यामुळे पालटत नाही. गिरणीतील कामगाराचा पगार महिन्याने होतो. पोट मात्र रोज दोन वेळा मागते. या दोन गोष्टींतील अंतर कोण भरून काढतो? गावचा किराणा दुकानदार. पावशेर तेल, छटाकभर चहा आणि 'पगाराला देतो' हे आश्वासन, यांवर तो माल देतो. त्यासाठी तो तारण मागत नाही, अर्ज लिहून घेत नाही. ग्राहकास तो ओळखतो, इतकेच त्याचे तारण.

ही उधारी दुकानदार कोठून देतो, हा खरा प्रश्न आहे. तो सावकार नव्हे. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री 2,00,000 रुपये आहे. पैकी 1,20,000 रोखीची व 80,000 उधारीची. शेकडा 10 नफा धरल्यास 20,000 रुपये सुटतात. भाडे, वीज व व्याज यांस 6,000 गेले, तर घरखर्चास 14,000 उरतात. आता रोखीने घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक सुरतेच्या मोठ्या दालनात जाऊ लागले किंवा भ्रमणध्वनीवरून माल मागवू लागले, असे समजा. विक्री 1,40,000 वर आली, नफा 14,000 झाला. भाडे, वीज व व्याज तेवढेच राहिले. घरखर्चास 8,000 उरले. विक्री शेकडा 30 ने घटली, पण दुकानदाराचे उत्पन्न शेकडा सुमारे 43 ने घटले. शिवाय पूर्वी विक्रीत उधारीचा वाटा शेकडा 40 होता, तो आता 57 झाला. त्यातून महिन्यास 5,000 रुपये जरी बुडाले, तरी 3,000 रुपयांत घर चालवण्याची पाळी येते.

तात्पर्य असे की, रोखीने घेणाऱ्या ग्राहकाच्या पैशावरच उधारीने घेणाऱ्याचे घर चालते. वेतनदार मनुष्य बाहेर खरेदी करतो, तेव्हा त्याचे चार पैसे वाचतात, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच्यामागे दुकानात उरतो तो ज्याचा पगार व्हावयाचा आहे असा ग्राहक, आणि त्यास माल देण्याचे बळ दुकानदारात उरत नाही. दुकान बंद पडले तर पहिल्याची थोडी गैरसोय होते. दुसऱ्याची चूल अडते. आधार द्यावयाचा तो येथे.

कायद्याने हे काम होईल काय? आपल्या देशात अनेक नाममुद्रांचा माल विकणाऱ्या दालनांत 2012 पासून शेकडा 51 पर्यंत परकीय भांडवलास वाव मिळाला, तो राज्यांच्या संमतीच्या अटीवर. आंतरजालावरील परकीय भांडवलाच्या कंपन्यांस स्वतःचा माल साठवून ग्राहकास विकण्याची मुभा नाही. फ्रान्सने 1973 साली मोठ्या दुकानांस समितीची परवानगी आवश्यक केली. जपाननेही त्याच वर्षी तशा आशयाचा कायदा केला व तो 2000 सालापर्यंत टिकला. पण तेथील दुकानांची संख्या 1982 नंतर, कायदा अमलात असतानाच, घटू लागली. कायदा कुंपण घालू शकतो. आतले पीक आपणच राखावयाचे असते.

यास्तव प्रथम आपल्याच पदरात पाहू. कित्येक दुकानांत जुना माल पुढे करणे, किंमत माणूस पाहून सांगणे, बदलून मागितल्यास कपाळास आठ्या घालणे असे प्रकार घडतात. ग्राहक केवळ स्वस्ताईसाठी दूर जातो, असे मानणे ही आत्मवंचना होय. काट्यावर पडताळणीचा शिक्का वेळेवर घ्यावा, दर फळ्यावर लिहावेत आणि लहान मुलास पाठवले तरी माप पुरे मिळते, अशी ख्याती असावी. ही ख्याती परगावच्या कोठारातून येत नाही.

दुसरे, एकट्याने माल उचलू नये. दहा दुकानदारांनी साखर, तेल, साबण यांची मागणी एकत्र नोंदवली, तर घाऊक दरात व वाहतुकीत बचत होते, आणि मोठ्या दालनाशी असलेली तफावत काही अंशी भरून निघते. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे साखर कारखान्याच्याच आश्रयाने सहकारी वारणा बाजार उभा राहिला. साखरेच्या गावाने ऊस सहकाराने गाळला, तर किराणा सहकाराने का आणू नये?

तिसरे, भांडवल. 2 जुलै 2021 च्या केंद्रीय आदेशाने किरकोळ व घाऊक व्यापारास अग्रक्रमाच्या कर्जापुरते लघुउद्योगांच्या पंक्तीस बसवले आहे. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेतील पहिल्या वर्गात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळते. नोंदणीचे कागद पाहून घाबरणाऱ्या दुकानदाराजवळ संघाच्या कार्यकर्त्याने बसून ते भरून द्यावेत. आणि आपल्यापैकी जे घाऊक व्यापारी आहेत, त्यांनी मोठ्या गिऱ्हाइकास जी मुदत देतो, ती लहानासही द्यावी.

उरले ग्राहक. त्यांनी सर्व खरेदी गावातच करावी, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. महिन्याच्या यादीतील धान्य, तेल, साखर एवढे जरी त्यांनी पगाराच्या दिवशी रोखीने गावात घेतले, तरी वर मांडलेला हिशेब पुन्हा उभा राहतो. उधारी असलेल्यांनी ठरल्या दिवशी बाकी भागवावी. कारण एकाने थकवलेली रक्कम दुसऱ्या गरजूच्या पिशवीतून वजा होत असते.

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण जाणतोच. दिवाळीस आपण नव्या वहीचे पूजन करतो. त्या दिवशी जुन्या वहीची पानेही एकवार चाळावीत. कोणाच्या घरात कोणत्या महिन्यात आजारपण आले, कोणाची गिरणी बंद राहिली, कोणी फेडले व कोणास आपण थांबू दिले, हे सारे तीत लिहिलेले असते. दुकान मिटले की ही वहीही मिटते. आणि ज्याच्या नावे तीत एक पान आहे, त्यास दुसऱ्या कोणत्याही पेढीत ते पान मिळत नाही.