मालाडचा मनोरा, लालबागचा कान

लालबाग-परळच्या चाळीत ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीची ‘कामगार सभा’ रंगात आलेली असताना मध्येच आवाज गेला, तर बिघाड कुठे आहे हे तयार कानाला घरबसल्या ओळखता यायचं. खरखर वाढली, तर मालाडचा ट्रान्समिटर बंद पडला. खरखरही दबली आणि नुसती शांतता आली, तर मालाड चालू आहे. चर्चगेटच्या स्टुडिओतला आवाज तिथवर पोहोचलेला नाही. कारण मालाडहून येणारी लहर नाहीशी झाली की रेडिओ आपली संवेदनशीलता वाढवत नेतो आणि आसपासचा सगळा गोंगाट ऐकवू लागतो.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. पुढे मालाडच्या मार्वे भागातून १०४४ किलोहर्ट्झवर १०० किलोवॅटने शहराला रेडिओ ऐकू येऊ लागला. मीडियम वेव्हला सहसा वेगळा अँटेना नसतो, सबंध मनोराच अँटेना. तो चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि प्रक्षेपण चालू असताना त्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

या मनोऱ्याकडे पाठवलेली शक्ती थोडी जरी परत फिरली, तरी ट्रान्समिटरचा जीव धोक्यात येतो. १०० किलोवॅटमधली चार टक्के परतली, म्हणजे चार किलोवॅट उलट आली. म्हणून ‘रिफ्लेक्टेड पॉवर’चा अलार्म वाजतो आणि यंत्र स्वतःला बंद करतं. पुष्कळदा हे क्षणापुरतंच असतं. विजेच्या कडकडाटात मनोऱ्याच्या पायथ्याशी ठिणगी उडते, शक्ती तोडली की ती विझते आणि प्रक्षेपण पूर्ववत होतं. श्रोत्याला नुसता एक खटका ऐकू येतो. पण तेच पुन्हापुन्हा झालं, तर यंत्र अडून बसतं आणि माणसाची वाट पाहतं.

इथे ड्यूटीवरच्या इंजिनिअरचा कस लागतो. शहर ऐकत असतं, स्टुडिओतून फोन येत असतो, आणि हात सर्वांत आधी रिसेटकडे जातो. तो आवरायचा. पॅनलवर चार दिवे लागलेले असतील, पण दुखणं बहुधा एकच असतं; बाकीचे त्याच्यामागून आलेले. गार हवेचा फिल्टर तुंबला की आधी हवेचा दिवा लागतो, मग तापमानाचा, मग शक्ती घसरल्याचा. पहिला कुठला लागला हे टिपण्याआधीच रिसेट दाबलं, तर जुन्या पॅनलवर तो पुरावा पुसला जातो.

मग ट्रान्समिटर मनोऱ्यापासून सोडवून डमी लोडवर, म्हणजे मनोऱ्याऐवजी शक्ती पचवणाऱ्या कृत्रिम भारावर, चालवून बघायचा. तिथे तो पूर्ण शक्तीने सुरळीत चालला, तर दोष बाहेर आहे: मनोऱ्याकडे जाणाऱ्या फीडरमध्ये, ट्यूनिंगच्या खोलीत किंवा मनोऱ्यावर. मार्वेसारख्या खाडीकाठी पहिला संशय मिठावर घ्यावा. कोरड्या महिन्यांत इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचते. मुसळधार पाऊस ती धुऊन नेतो. पहिली रिमझिम मात्र ती नुसती ओली करते आणि विजेला वाट मिळते. त्यामुळे जूनच्या तोंडावरची इन्सुलेटरची साफसफाई मला सगळ्या दुरुस्त्यांहून मोलाची वाटते.

ट्रान्समिटरचं दार उघडताच वीज तोडणारा इंटरलॉक घाईत बांधून ठेवण्याचा मोह मात्र कुणालाही होऊ नये. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये ती उरते. आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी टेकवावीच लागते, कार्यक्रम कितीही महत्त्वाचा असो.

शेवटी लॉगबुक. किती वाजता बंद, किती वाजता सुरू, आणि कारण. ‘आपोआप ठीक झालं’ ही नोंद सर्वांत घातक, कारण रात्रपाळीचा माणूस तिच्यावर विसंबतो आणि तीच ठिणगी पहाटे पुन्हा उडते.