लॉर्ड एल्फिन्स्टन : एक स्कॉटिश किताब आणि त्याचे घराणे

प्रस्तावना :
मुंबई इलाख्याच्या इतिहासात एल्फिन्स्टन आडनावाचे दोन गव्हर्नर झाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (1819-1827) आणि जॉन एल्फिन्स्टन (1853-1860) हे नात्याने काका-पुतणे होते. दोघांचाही उल्लेख अनेकदा ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ असा सरसकट केला जातो. प्रस्तुत लेखात या किताबाचे स्वरूप स्पष्ट करून हा उल्लेख तपासला आहे.

किताबाचा उदय :
स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने 1510 मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टन यास हा किताब बहाल केला. 1513 च्या फ्लॉडनच्या लढाईत राजा व हा पहिला लॉर्ड दोघेही मारले गेले. दुसरा लॉर्ड 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत पडला. चौथ्या लॉर्डने मात्र राज्याचे कोषाध्यक्षपद भूषविले.

वारसा व अधिकार :
किताब एका वेळी एकाच वारसाकडे जात असे. आडनाव मात्र सर्व अपत्यांना लाभे. माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डचे चौथे पुत्र. किताब त्यांच्या थोरल्या बंधूंकडे व पुढे बंधुपुत्र जॉन यांच्याकडे गेला. त्यामुळे माउंटस्टुअर्ट कधीही ‘लॉर्ड’ नव्हते. जॉन हे तेरावे लॉर्ड होते.

1707 च्या एकीकरणानंतर स्कॉटिश सरदारांना ब्रिटिश उमराव सभेत थेट स्थान नव्हते. ते आपल्यातून 16 प्रतिनिधी निवडत. 1857 च्या उठावाच्या काळात मुंबई इलाख्याचा कारभार सांभाळणाऱ्या जॉन यांना 1859 मध्ये युनायटेड किंग्डमचा स्वतंत्र बॅरन किताब मिळाला. त्यायोगे त्यांना निवडणुकीविना सभासदत्व लाभले. ते अविवाहित होते. 1860 मध्ये त्यांच्या निधनाबरोबर हा नवा किताब लोपला. जुना स्कॉटिश किताब मात्र चुलत शाखेकडे गेला. सर्व स्कॉटिश सरदारांना सभेत प्रवेश 1963 मध्ये मिळाला आणि 1999 च्या कायद्याने वंशपरंपरागत सभासदत्वाचा आपोआप मिळणारा हक्क संपुष्टात आला.

समारोप :
मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय माउंटस्टुअर्ट यांच्या नावाचे आहे. एल्फिन्स्टन सर्कल (आजचे हॉर्निमन सर्कल) आणि 2018 मध्ये ‘प्रभादेवी’ झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक ही नावे लॉर्ड जॉन यांची. पेशवाईच्या अस्तानंतरची प्रशासकीय घडी आणि 1857 चा काळ यांचे श्रेय वा दोष योग्य व्यक्तीकडे जावा, यासाठी अध्यापनात व लेखनात हा भेद पाळणे अगत्याचे आहे.