दिवा पेटलेला, पाणी मात्र गार!

पौषातली सकाळ. बेळगावची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे पारा चौदा अंशांपर्यंत खाली आलेला, बंब पेटवून मी नुकती कुठे चहाला लागले होते. तेवढ्यात हॉलमधून दहा वर्षांच्या लेकाची हाक आली, "आई, मासे उठतच नाहीत गं!"

जाऊन पाहिले तर फिश टँकमधले दोन्ही एंजल तळाशी वाळूला टेकलेले. गप्पी कोपऱ्यात गोळा झालेले, एक तर आडवाच पडलेला. हीटरचा लाल दिवा मात्र छान पेटलेला होता. "तूच रात्री जास्त खायला घातलं असणार," हे तिथूनच त्याच्यावर ओरडले. पोर रडवेले झाले. आडव्या पडलेल्या गप्पीला उचलायला त्याने बाही वर सारली आणि हात पाण्यात घालणार, इतक्यात मीटर बघायला आलेले शेजारचे वायरमन दारातूनच ओरडले, "हात घालू नको, बाळा! वहिनी, आधी पिन काढा."

पिन काढून पाच-दहा मिनिटांनी त्यांनी हीटर बाहेर काढून उजेडात धरला. काचेच्या नळीत आतून पाण्याचे थेंब जमले होते आणि खालच्या टोकाला केसाएवढी बारीक चीर होती. "ह्या पाण्यात वीज उतरली असती," ते एवढेच म्हणाले. माझ्या हातापायातले त्राणच गेले.

दिव्यावर विसंबू नका

या हीटरची रचना साधी असते. काचेच्या नळीत तापणारी तार आणि तिच्या वर थर्मोस्टॅट. साध्या हीटरच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. गरम झाली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. पाणी गार झाले की पट्टी सरळ होऊन वीज पुन्हा सुरू. दिवा पेटला म्हणजे थर्मोस्टॅटने वीज पुढे सोडली, एवढाच त्याचा अर्थ. पुढची तार तुटलेली असली तरी बऱ्याच हीटरमध्ये दिवा पेटतोच. आमच्याकडे तेच झाले होते. म्हणून टँकला वेगळा थर्मामीटर हवाच. आमचा थर्मामीटर 18 अंश दाखवत होता, पण त्याच्याकडे पाहिले कोणी?

मजा म्हणजे त्याच टँकमधला गोल्डफिश खुशाल फिरत होता. तो मूळचा चीनकडचा, गार पाण्यातला. एंजल मात्र अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला 25 ते 28 अंश लागतात. खरे तर या दोघांना एकत्र ठेवूच नये, हेही त्या दिवशी कळले.

दोष कुठे आहे ते कसे ओळखावे?

तपासणीला हात लावण्याआधी पिन काढायची, हा पहिला नियम. मग एकेक पाहत जावे.

दिवाही नाही आणि पाणीही गार : आधी त्याच सॉकेटला टेबल-लॅम्प लावून वीज येते का पाहा. येत असेल तर हीटर पुन्हा लावून तापमानाची खूण दोन-तीन अंश वर करा. पाणी त्या खुणेपेक्षा गार असूनही दिवा पेटला नाही, तर थर्मोस्टॅट किंवा वायर गेली.

दिवा आहे, पण पाणी गार : लगेच हीटरला दोष देऊ नका, हिशेब करा. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून 61 ने भागले की लिटर मिळतात. 24 x 12 x 12 च्या टँकमध्ये वाळू-दगड वजा जाता साधारण 50 लिटर पाणी राहते. 100 वॉटच्या हीटरला एवढे पाणी एक अंशाने वाढवायला निदान 35 मिनिटे लागतात, थंडीत त्याहून जास्त. दोन तासांत काटा अजिबात हलला नाही तर तार तुटली असे समजा. थोडासाच हलला तर हीटर कमी ताकदीचा आहे. आपल्याकडे लिटरला एक वॉट पुरतो, फार थंड खोलीत थोडा जास्त. हीटर हवेच्या बुडबुड्यांजवळ लावावा, नाहीतर एका कोपऱ्यातलेच पाणी तापते.

पाणी गरम, दिवा विझतच नाही : हा सर्वांत घातक दोष. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात आणि हीटर रात्रभर चालू राहतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. पिन काढा, झाकण उघडा, हवेचा पंप चालू ठेवा आणि पाणी आपोआप निवू द्या. बर्फ टाकू नका.

नळीत ओल, चीर किंवा पाण्यात झिणझिण्या : हीटर सरळ टाकून द्यायचा. एम-सील लावून जुगाड करायचा नाही. हे यंत्र दुरुस्त करण्याजोगे नाही.

अनेक हीटरना दोनच पिन असतात, म्हणजे अर्थिंग नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवतो तो आरसीसीबी. घराच्या पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. आणि वायर सॉकेटखाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता खालीच ठिबकते.

गोधडीची ऊब

सासूबाई तोवर बंबातले कढत पाणी तांब्यात घेऊन आल्या होत्या. वायरमननी त्यांना हात जोडले, "आजी, एकदम ऊन पाण्यानं मासे दगावतील." मग टँकच्या तिन्ही बाजूंना आजीचीच गोधडी गुंडाळली, थोडे पाणी काढले आणि घट्ट झाकणाच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून त्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या. बाटल्या निवल्या की बदलायच्या. तासाला एखादा अंश, त्याहून घाई नाही. हवेचा पंप चालू, खाणे बंद. लेक शाळा बुडवून थर्मामीटरपाशी बसला होता, कोणी त्याला उठवले नाही.

संध्याकाळी नवे हीटर आणले, 100 वॉटचे एक नव्हे, 50-50 ची दोन. एक बंद पडले तर दुसरे थोडी तरी ऊब टिकवते, आणि एक अडकून चालूच राहिले तरी पाणी लगेच कढत होत नाही. एंजल रात्री वर आले. आडवा पडलेला गप्पी मात्र गेला. गारठ्यानंतर माशांच्या अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके येण्याचा रोग उद्भवतो, म्हणून पुढचे दोन आठवडे आम्ही रोज बारकाईने पाहत होतो.

हीटर का फुटला, हा प्रश्न उरलाच होता. वायरमननी विचारले, "पाणी कधी बदललं?" रविवारी, ह्यांनीच. पाणी अर्ध्यावर आले तरी हीटर चालूच राहिला, उघड्यावर नळी तापली आणि तिच्यावर नळाचे गार पाणी पडले. पाणी बदलण्याआधी वीस मिनिटे हीटर बंद करायचा असतो आणि तो पुन्हा पाण्यात बुडाल्यावर थोडे थांबून मगच लावायचा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

जेवताना हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकाच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा लाडू ठेवत म्हणाले, "चूक माझी होती रे. तुझ्यावर उगाच ओरडलो." तो काही बोलला नाही, लाडू मात्र अर्धा करून परत दिला.

आता सॉकेटच्या वर त्याच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला आहे : "आधी पिन काढा. मग हात घाला." दर रविवारी हे तो मोठ्याने वाचतात, आणि मगच बादली उचलतात.